गाडीचं सोवळं

माझ्या सासऱ्यांविषयी लिहा, असं मला बऱ्याच जणांनी सुचवलं आहे. लग्नाच्या जेवणावळीत, कुणाच्या तेराव्याला, चार नातेवाईक जमले की त्यांचे किस्से मीच सांगायचो आणि लोक डोळे पुसत हसायचे. लिहायला बसलो की मात्र एका दसऱ्यापाशी येऊन हात थांबायचा. तो दसरा वगळला तर मामा खरे उतरत नाहीत, आणि घेतला तर मला माझ्याविषयी लिहावं लागतं. म्हणून टाळत आलो. आता आणखी टाळलं तर ते कायमचंच राहून जाईल.

मी त्यांना मामा म्हणायचो. ते मला 'पावणं' म्हणायचे. लग्नाला कितीही वर्षं होवोत, जावई हा पाहुणाच, अशी त्या घरची रीत होती. मी पाटावर बसलो की घरातली मोठी माणसं आवाज खाली आणायची. जावयाला काम सांगायचं नाही, त्याच्या बोलण्यावर शंका घ्यायची नाही. ही रीत मला फार सुखाची वाटायची. ती किती महाग पडली, ते पुढं येईलच.

मामांचं गाव कराडजवळ, मलकापूरवरून आत. उसाची जमीन होती. तरुणपण फौजेत गेलेलं, तेही गाड्या दुरुस्त करण्याच्या वर्कशॉपात. हवालदार होऊन परत आले आणि लष्कराच्या लिलावातून एक जुनी जीप घेऊन आले. तिचा मागचा भाग कापून लोहाराकडून हौदा बसवून घेतला. पेट्रोल परवडेना तेव्हा आतलं इंजीन काढून डिझेलचं बसवलं. हे सगळं घरी, म्हशींच्या गोठ्यात. गाव तिला पिकअप म्हणायचं. गुळाच्या ढेपा, खताची पोती, नवरदेव, बाळंतीण, सगळं त्या हौद्यातून जायचं.

गॅरेज हा शब्द मामांना चालत नसे. "तितं धुरळ्यात काम करत्यात," म्हणायचे. "डिझेलच्या इंजनाला कचरा चालत न्हाई. डोळ्याला दिसत न्हाई एवढा कण बी नोझलात गेला, की सुई आडकली."

नोझल म्हणजे काय, हे मला त्यांनीच समजावलं होतं. डिझेल पंपातून जोरात येतं आणि नोझलातून धुक्यासारखं इंजिनात फवारलं जातं. आत एक सुई असते, दाब आला की उचलते, गेला की बसते. ती अडकली की फवाऱ्याच्या जागी नुसती धार लागते. मग इंजीन ठोकतं, धूर ओकतं आणि शेवटी बसतं.

त्यामुळं डिझेलची कुठलीही नळी उघडायची असली की घरात एखादं व्रत असल्यासारखं वातावरण व्हायचं. मामा पहाटे अंघोळ करायचे, धुतलेली लुंगी नेसायचे. म्हशी बाहेर काढायच्या. जमीन आदल्या दिवशी सारवलेली. दाराला ओलं गोणपाट. अंगणात कुणी झाडायचं नाही, धान्य पाखडायचं नाही. जुन्या धोतराचा पांढराशुभ्र तुकडा अंथरायचा आणि त्यावर नटबोल्टचे पाने मांडायचे. हात आधी राखेनं, मग साबणानं धुवायचे आणि मग बोटं नाकाशी नेऊन वास घ्यायचा. वास आला तर पुन्हा धुवायचे. गावकरी म्हणायचे, म्हाताऱ्याचं गाडीचं सोवळं चाललंय. मामांना राग यायचा नाही. "हायच सोवळं," म्हणायचे. "द्येव चालवून घेतोय. इंजन घेत न्हाई."

डिझेल ते धोतराच्या चार घड्यांतून गाळायचे आणि कॅन कोपऱ्यात ठेवून द्यायचे. त्याला धक्का लागलेला चालत नसे. "इरजण लावलंय," म्हणायचे.

दुसरी गोष्ट त्यांच्या कानाची. चालू इंजिनावर लाटण्याचं एक टोक टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि डोळे मिटून प्रत्येक सिलिंडरचा आवाज ऐकायचा. लाटणं मामींचं. त्यावरून दर सणाला भांडण ठरलेलं.

"आवं, माजं लाटणं कुटं हाय?"

"ऐकतोय."

"पुरनाच्या पोळ्या काय तुमच्या कानानं लाटू?"

मामा लाटणं धुऊन परत द्यायचे. मामी ते पुन्हा धुवायच्या. पोळीला डिझेलचा वास येतो, असं त्या मरेपर्यंत म्हणत राहिल्या. मला कधी आला नाही. मी पोळ्या भरपूर खाल्ल्या आहेत.

माणसांनाही ते आवाजावरूनच ओळखायचे. खोकल्यावरून सांगायचे, ह्याची विडी सुटली न्हाई. एखादा फार बोलायला लागला की म्हणायचे, ह्याचं टायमिंग सुटलंय. खोटेपणाची त्यांना विलक्षण चीड होती. "इंजनाला खोटं बोलता येत न्हाई, म्हणून मला त्ये आवडतंय," असं एकदा म्हणाले होते. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "आनि तुमी, पावणं."

हे प्रमाणपत्र मला कसं मिळालं, तेही सांगितलं पाहिजे. मी मूळचा वाईचा, नोकरीला सांगलीत, हळदीच्या एका व्यापाऱ्याकडं कारकून. मामा मला बघायला आले, तेव्हा मी भाड्याच्या खोलीत राहत होतो. त्यांनी पगार विचारला नाही, घराणं विचारलं नाही. चहा पिऊन बाहेर गेले आणि माझ्या सायकलीपाशी उकिडवे बसले. साखळीवरून बोट फिरवलं, वास घेतला. "तेलपानी येळेवर दिसतंय," म्हणाले. तिथंच लग्न ठरलं. त्या साखळीला तेल माझ्या घरमालकानं त्याच सकाळी घातलं होतं. मी वर्षातून एकदाही घालत नसे. मी काही बोललो नाही. सगळे हसत होते, पेढे वाटले जात होते, बोलायला जागा कुठं होती, असं मी स्वतःला सांगितलं. ती सवय तिथंच लागली असावी.

मामांचा मुलगा, माझा मेहुणा, तेव्हा विशीतला होता. शेती करायचा, गाडी उत्तम चालवायचा. अंगानं दांडगा आणि बोलायला मोकळा. त्याला तंबाखूची सवय होती. सदऱ्याच्या खिशात पुडी, डाव्या हातावर चुना मळायचा. या एका गोष्टीपायी मामा त्याला बोनेटखाली हात घालू देत नसत. तो पाने पुसायचा, गोणपाट भिजवायचा, बापाच्या मागं उभा राहून बघायचा. सगळी कामं त्याला बघून पाठ होती.

"दाजी, म्या डोळं झाकून नोझल बशिवतो," तो मला सांगायचा. "पर आमचं हवालदारसायेब परमिशन देत न्हाईत."

बहात्तरचा दुष्काळ सरून एक-दोन वर्षं झाली होती. त्या नवरात्रात गाडी काळा धूर टाकायला लागली. मामांनी चालत्या इंजिनावर एकेक नळी सैल करून बघितली, लाटणं लावून ऐकलं आणि ठरवलं की नोझलं संपली, चारही बदलायची. मला सांगलीला निरोप आला. मी दुकानातून चार नवीन नोझलं घेतली आणि खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी सासुरवाडीला पोचलो. प्रत्येक नोझल तेलकट कागदात गुंडाळलेलं, डिझेल आत जायच्या तोंडाला बूच. मामांनी खोकं दोन्ही हातांनी घेतलं.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. त्या दिवशी पान्याला पूजेपुरताच हात लावायचा, काम करायचं नाही. म्हणून नोझलं दसऱ्याच्या सकाळी बसवायची ठरली. संध्याकाळी सीमोल्लंघन. गावातली वयस्क मंडळी आणि वाजंत्री मामांच्या गाडीतून शिवेपर्यंत जायची आणि आपट्याचं सोनं लुटून परत यायची. हा मान गाडीला दरवर्षीचा.

त्या रात्रीच्या जेवणात मामांनी दोन गोष्टी जाहीर केल्या. पहिली अशी, की यंदा हत्यारांची पूजा पावण्यांच्या हातून. दुसरी त्यांनी ताटाकडं बघत सांगितली, "नोझलं ह्या खेपंला त्यो बशिवल."

मेहुण्याचा घास हातातच राहिला. मामी म्हणाल्या, "ऐकलंस का रं?" तो म्हणाला, "ऐकलं." आणि उठून बाहेर गेला. परत आला तेव्हा त्याच्या तोंडाला साबणाचा वास येत होता.

सकाळी मामांनी गोठ्यात घोंगडं अंथरलं, त्यावर पाने, हातोडी, जॅक, विळे, कोयते मांडले. नोझलांचं खोकं शेजारी ठेवलं. "ह्ये उघडू नका," मला म्हणाले. "कागदावरनंच फूल वाहा. वारं लागाय नगो." आणि ते मळ्यातल्या पंपाची पूजा करायला गेले.

मी एकटा होतो. पाने-कोयत्यांना हळदकुंकू लावलं, फुलं वाहिली. खोक्यापाशी आलो आणि मला वाटलं, कागदाची कसली पूजा. घरात पहिल्यांदा मला काही करायला सांगितलं होतं, ते नीट दिसावं, असंही वाटलं असेल. मी एक कागद सोडला. नोझल छान होतं, चकचकीत, बोटाएवढं जाड. त्याच्या तोंडाला बूच होतं. ते वेष्टणाचाच भाग असावं, असं समजून मी काढलं. मग चिमटीत हळद घेतली आणि वाहिली. हळद आम्ही सांगलीकर हात राखून वाहत नाही.

तेवढ्यात बाहेर मामांच्या चपला वाजल्या. मी घाबरलो. नोझल रुमालानं पुसलं, फुंकर मारली, बूच बसवलं, कागद गुंडाळला, खोक्यात ठेवलं. मामा आत आले तेव्हा मी उदबत्ती ओवाळत होतो.

"झ्याक मांडणी केलीसा," ते म्हणाले.

तेव्हाच सांगायचं. एक वाक्य होतं. त्यांनी ते नोझल उघडून डिझेलनं धुतलं असतं, फार तर दुपारपर्यंत माझ्याशी कमी बोलले असते. मी प्रसादाचं खोबरं खाल्लं.

दसऱ्याच्या सकाळी मेहुण्यानं केलेलं काम मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि त्यात काडीची चूक नव्हती. त्यानं तंबाखूची पुडी आदल्या दिवशीच आईजवळ दिली होती. अंघोळ केली, हात तीनदा धुतले, वास घेतला आणि बापापुढं धरले. मामांनीही वास घेतला. मग मान हलवली.

त्यानं नळ्या सोडल्या, जुनी नोझलं सरळ वर ओढून काढली, बसायच्या जागा काडीला चिंधी लावून पुसल्या. तांब्याचे जुने वॉशर खरवडून काढले, नवीन घातले. नवं नोझल कागदातून काढायचं, बाहेरून डिझेलात विसळायचं, बूच शेवटच्या क्षणी काढायचं, सरळ बसवायचं, दोन्हीकडचे नट थोडे थोडे आवळत आणायचे. मामा शेजारी हात पाठीमागं बांधून उभे. आत काय आहे, हे बघायची त्यांना गरज वाटली नाही. शीलबंद माल होता आणि मी आणला होता. मग त्यानं पंपातली हवा काढली, बुडबुडे थांबेपर्यंत. "आता मार," मामा म्हणाले. इंजीन पहिल्याच झटक्याला धरलं.

मामांनी लाटणं मागितलं. मामींनी पुरण घाटता घाटता ते स्वतः आणून दिलं. चारही सिलिंडर ऐकून झाल्यावर मामांनी लाटण्याचं टोक मुलाच्या कानाला लावलं. "ऐक," म्हणाले. "तुजं काम हाय." मेहुणा डोळे मिटून ऐकत होता आणि त्याच्या गालावरून घाम वाहत होता. घामच असेल.

संध्याकाळी गाडी भरून निघाली. पाटाच्या चढावर पोचलो आणि एक सिलिंडर ठोकायला लागला. मग धूर, आणि मग गाडी बसली. वाजंत्रीवाले थांबले. म्हातारी माणसं एकेक करून हौद्यातून उतरली आणि चालत शिवेकडं निघाली. एकानं उतरता उतरता विचारलं, "हवालदार, नवरात्रात गाडीला बी उपास धरला हुतासा काय?" सगळे हसले. मामा हसले नाहीत. अंधार पडायच्या आत बैलांची जोडी लावून गाडी घरी ओढून आणली.

दुसऱ्या दिवशी मामांनी स्वतः नोझलं काढली. चौथ्याची सुई अडकली होती. त्यांनी ते पांढऱ्या फडक्यावर खोललं. आतून डिझेलात भिजलेला पिवळट, तपकिरी चुरा निघाला. मामांनी तो तळहातावर घेऊन नाकाशी नेला, पण डिझेलशिवाय त्यांना वास लागेना. मग मुलाकडं बघितलं.

"आबा, म्या तंबाकूला हात लावला न्हाई," तो म्हणाला. "आईच्यान न्हाई. पुडी आईजवळ हाय."

"मंग ह्ये काय हाय?"

"मला ठावं न्हाई."

"शीलबंद माल. तुज्या हातात फुटला. आनि तुला ठावं न्हाई."

मग मामा माझ्याकडं वळले. त्यांनी तळहात माझ्यापुढं धरला. आजवर हा प्रसंग आठवला की मी तेव्हा नुसता गप्प बसलो होतो, असंच मी स्वतःला सांगत आलो आहे. तसं झालेलं नाही. मामांनी मला विचारलं.

"पावणं, तुमी बगा. तुमी नेमकं सांगताल. तंबाकूच हाय न्हवं ही?"

मी हळदीच्या पेठेत काम करत होतो. राजापुरी, कडप्पा, जुनी, नवी, किडलेली, भिजलेली, सगळी हळद मी डोळ्यावर पट्टी बांधून ओळखली असती. मी खाली वाकलो. डिझेलच्या खालून तो वास मला स्वच्छ आला.

"तंबाखूच वाटतेय," मी म्हणालो.

मेहुण्यानं माझ्याकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांत संशय नव्हता, एवढंच मला आठवतं. दाजी म्हणतात तर असेल, असा तो चेहरा होता. त्यानं आपल्याच हातांकडं बघितलं.

मामा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "घान गेली तर धुता येती," एवढंच म्हणाले. "खोटं धुता येत न्हाई. आता गाडीला हात लावायचा न्हाई." दुपारी आम्ही जेवायला बसलो. मामींनी मला आग्रह करून करून पोळ्या वाढल्या. मेहुणा मळ्यात गेला होता.

त्यानंतर बापलेक एका घरात राहिले, पण सरळ बोलणं संपलं. मामा म्हशीला उद्देशून म्हणायचे, "आज उसाला पानी हाय." मेहुणा आईला म्हणायचा, "सांग, दिलं." लोकांना याची गंमत वाटायची, आणि मीही तो किस्सा म्हैस वगैरे घालून रंगवून सांगितला आहे. मेहुण्यानं त्या दिवसापासून तंबाखू सोडली. मामींनी मला हे हळूच सांगितलं, कौतुकानं. मामांना सांगितलं का, असं मी विचारलं. "त्यास्नी सांगून काय हुतंय," त्या म्हणाल्या. "म्हनतील, गुन्हा कबूल केला."

मामांची नजर अधू व्हायला लागली तेव्हा लोकांनी सुचवलं, पोराला द्या काम. मामा विचारायला तयार नव्हते आणि तो विचारल्याशिवाय हात लावणार नव्हता. गाडी गोठ्यात उभी राहिली. म्हशी बाहेर काढायचं कारण उरलं नाही. शेवटी एक भंगारवाला ती घेऊन गेला, तेव्हा मामा आत खाटेवर पडून होते. "इंजन चालू करून न्हेतोय का वडून न्हेतोय?" त्यांनी विचारलं. ओढून नेतोय, असं मामींनी सांगितलं. त्यांनी कूस बदलली.

त्यांचं शेवटचं दुखणं मिरजेच्या दवाखान्यात झालं. सांगलीहून जवळ म्हणून मी रोज बसायला जायचो. एका दुपारी त्यांनी डोळे उघडले आणि मला जवळ बोलावलं.

"पावणं, एक इचारू का? राग मानू नगा."

"विचारा ना, मामा."

"त्यो चुरा. तंबाकूचाच हुता न्हवं?"

जावयाला याहून उघडपणे विचारणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. त्यांनी दार माझ्यासाठी उघडून धरलं होतं. त्यांना काही समजलं होतं की नुसती टोचणी होती, मला कळलं नाही. मी म्हणालो, "होय, मामा. तंबाखूचाच."

"मंग बरं," ते म्हणाले. "न्हाईतर पोराचं लय वाईट केलं असतं म्या."

मरणाच्या दारातल्या माणसाला कशाला दुखवायचं, म्हणून मी तसं बोललो, असं पुढं मी बरीच वर्षं मानत आलो. ते खरं नाही. मी भ्यालो होतो. ज्या माणसानं माझ्या सायकलीच्या साखळीवरून मला मुलगी दिली, त्याच्यापुढं मला उघडं पडायचं नव्हतं. माझी बायकोही हे न कळताच गेली. भावाविषयी बोलताना ती नेहमी म्हणायची, तेवढी एक चूक सोडली तर माझा भाऊ सोन्यासारखा.

मेहुणा आता म्हातारा झाला आहे. दर दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन एसटीनं सांगलीला येतो. गेल्या दसऱ्याला मी ठरवून बसलो होतो. वाक्य तयार होतं, सकाळपासून चार वेळा मनात म्हणून झालं होतं: ती तंबाखू नव्हती, हळद होती, मी टाकली होती, मला माफ कर.

तो आला. माझ्या हातावर पानं ठेवली, "सोनं घ्या, दाजी," म्हणाला आणि गुडघे धरत पायाशी वाकला. मी त्याला खांद्याला धरून उठवलं.

"अरे, ऐक जरा," मी म्हणालो. "मला तुला..."

"आलोच, हात धुऊन," तो म्हणाला.

सून चहा ठेवून गेली. तो मोरीपाशी उभा राहून साबणानं हात धूत होता, बराच वेळ, बोटांच्या बेचक्यांतून सुद्धा. मग त्यानं दोन्ही हात नाकाशी नेले आणि वास घेतला. पुन्हा एकदा साबण लावला. पुन्हा वास घेतला. मग पंच्याला हात पुसत माझ्यासमोर येऊन बसला.

"हां, बोला, दाजी. काय म्हनत हुता?"

"काही नाही," मी म्हणालो. "चहा गार होतोय, घे."